कास्ता: एका शब्दाचा गोव्यातून गेलेला रस्ता

२०२३च्या फेब्रुवारीत सिॲटल शहराच्या नगर परिषदेने भेदभावाला बंदी घालणाऱ्या आपल्या कायद्यात 'कास्ट' हा शब्द घातला, तेव्हा आमच्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावर आठवडाभर दुसरा विषय नव्हता. साहजिकच होतं. तिकडे जाऊन स्थिरावलेले, किंवा जायच्या रांगेत उभे असलेले, सगळे आमच्याच धंद्यातले. त्या चर्चांमध्ये एक युक्तिवाद मी इतक्यांदा ऐकला की तो पाठ झाला. तो असा: 'कास्ट' हा शब्दच मुळात आपला नाही. तो पोर्तुगीज आहे. आपल्याकडे वर्ण आहे, जाती आहे, पण 'कास्ट' नाही. म्हणजे ही भानगड पोर्तुगीजांनी आणली, इंग्रजांनी वाढवली आणि आपल्या गळ्यात मारली.

यातलं पोर्तुगीज असण्याचं वाक्य खरं आहे. शेवटचं वाक्य त्यातून निघत नाही, हे कळायला भाषाशास्त्र लागत नाही. पण मधल्या मोकळ्या जागेत नेमकं काय आहे, हे पाहायची मला खाज सुटली. कोडमधल्या एखाद्या व्हेरिएबलला विचित्र नाव दिसलं की ते कुणी, कधी, कशासाठी दिलं हे इतिहास उपसून बघायची आमच्या लोकांना सवय असते. तीच सवय इथे लावली. पुढे जे आहे ते त्या उपसण्यातून हाती आलेलं.

सगळ्यात आधी हाती आलं ते द्राक्ष.

आजच्या पोर्तुगालमध्ये 'कास्ता' हा शब्द (लिस्बनचा माणूस त्याचा उच्चार 'काश्ता' असा करतो) रोजच्या व्यवहारात सगळ्यात जास्त कुठे भेटत असेल, तर वाइनच्या बाटलीच्या मागच्या लेबलावर. तिथे 'कास्ताश' असं लिहून पुढे तोरिगा नासियोनाल, तिंता रोरिझ, आल्व्हारिन्यो अशी नावं असतात. ही द्राक्षांची वाणं. तिथल्या दुकानदाराला तुम्ही 'कास्ता कुठली?' असं विचारलंत, तर तो तुमच्याकडे संशयाने बघणार नाही. दोरू नदीच्या खोऱ्यातल्या कुठल्यातरी द्राक्षाचं नाव सांगेल.

हे वाचून क्षणभर गंमत वाटते आणि मग लक्षात येतं की आपण तरी वेगळं काय करतो? 'ही आंब्याची जात लवकर धरते', 'ही भाताची जात कमी पाण्यावर येते', 'गीर जातीची गाय', 'कापडाची जात बघून घ्या'. मोल्सवर्थचा १८३१चा मराठी-इंग्रजी कोश उघडला तर 'जात' शब्दाच्या अर्थांत प्रकार, वर्ग, वाण हे सगळं आहेच. माणसाची जात हा त्या शब्दाचा एक वापर. सगळ्यात मोठा आणि सगळ्यात जाचक, पण एक. पोर्तुगीज 'कास्ता'चंही तेच होतं. जनावराची पैदास, झाडाचं वाण, माणसाचं कूळ, सगळ्याला एकच शब्द. तेव्हा सोळाव्या शतकात मलबारच्या किंवा कोकणच्या किनाऱ्यावर कुणी स्थानिक माणसाने 'जाती' म्हटलं आणि पोर्तुगीजाने ते 'कास्ता' असं लिहून घेतलं, तर त्याने काही आकाशातून काढलं नाही. भाषांतर म्हणून ते चक्क चांगलं होतं. (हापूस हे नावही पोर्तुगीज 'अफोन्सू'वरूनच आलेलं. म्हणजे 'हापूस ही आंब्याची एक जात आहे' या वाक्यात पोर्तुगीज माल आहे, पण तो 'जात' या शब्दात नाही.)

अगदी पहिल्या पिढीच्या पोर्तुगीजांनी हा शब्द ठरवून टाकलेला नव्हता. दुआर्ते बार्बोझा १५१६च्या सुमारास मलबारचं वर्णन लिहितो, तेव्हा तिथल्या समूहांसाठी तो 'लेई' म्हणजे कायदा, रीत, धर्म या अर्थाचा शब्द वापरतो. माणसं कशी जन्मतात यापेक्षा ती कुठल्या नियमांनी जगतात, हे त्याला आधी दिसलं असावं. पुढच्या चाळीसपन्नास वर्षांत 'लेई' मागे पडला आणि 'कास्ता' पुढे आला. रीत मागे पडली, रक्त पुढे आलं. हे का झालं याचं उत्तर मला वाटतं हिंदुस्थानात जितकं आहे तितकंच पोर्तुगालमध्ये आहे. तिकडे येतोच. त्याआधी व्युत्पत्तीचा तंटा मिटवून घेऊ. मिटत नाही तो, पण मांडून तरी घेऊ.

लोकप्रिय व्युत्पत्ती अशी: लॅटिन 'कास्टुस' म्हणजे शुद्ध, निष्कलंक. त्याचं स्त्रीलिंगी रूप 'कास्टा'. त्यावरून पोर्तुगीज आणि स्पॅनिश 'कास्ता', म्हणजे शुद्ध वंश. इंग्रजीत पतिव्रता, शीलवान या अर्थाचा जो 'चेस्ट' शब्द आहे तो फ्रेंचमार्गे याच लॅटिन शब्दातून आला. ही व्युत्पत्ती जुनी आहे. सेबास्तियान दे कोवारुबियास या स्पॅनिश पंडिताने १६११ साली आपल्या कोशात ती दिली आणि वर कारणही जोडलं, की चांगली संतती हवी तर माणसाने शीलाने राहावं लागतं. सतराव्या शतकातल्या एका धर्मोपदेशकाला शोभेल असंच कारण.

लॅटिन 'कास्टुस'च्याही मागे जायचं तर अनेक अभ्यासक त्याचा संबंध 'कापणे' या अर्थाच्या एका आदिम धातूशी लावतात: दोषांपासून तोडलेला, वेगळा काढलेला, म्हणून शुद्ध. 'खच्ची करणे' या अर्थाचा लॅटिन शब्द त्याच घरातला. आणि संस्कृतातला 'शस्' म्हणजे कापणे, ज्यावरून आपलं 'शस्त्र' आलं, तोही तिथलाच. शुद्ध म्हणजे कापून वेगळा केलेला, ही कल्पना मी दोनदा वाचली. आपल्याकडे वाळीत टाकणं होतं तेही नेमकं हेच. पण मोह आवरायला हवा. शब्दांची मुळं अशी जुळली की आपल्याला सत्य सापडल्याचा भास होतो, आणि बहुतेक वेळा तो भासच असतो.

कारण विसाव्या शतकात जुआन कोरोमिनास नावाचा एक कातालान भाषाशास्त्रज्ञ आला आणि त्याने या शुद्धतेच्या गोष्टीवर पाणी ओतलं. त्याचा स्पॅनिश व्युत्पत्तिकोश १९५४पासून छापला जाऊ लागला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: 'कास्ता'चे जुने वापर बघा. त्यात शुद्धपणा कुठे आहे? तिथे प्राण्यांच्या जाती आहेत, पिलावळ आहे, प्रकार आहेत. शुद्धतेचा रंग नंतर चढलाय. मग त्याने वेगळंच मूळ सुचवलं. आयबेरियावर पाचव्या शतकापासून आठव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत व्हिसिगॉथ राजे होते, त्यांच्या गॉथिक भाषेत 'कास्ट्स' असा शब्द असावा, अर्थ एका वेळी जन्मलेली पिलं. त्याचा नातलग म्हणजे नॉर्स भाषेतला 'कास्ता', फेकणे, टाकणे. आणि इंग्रजीतला 'कास्ट', तोही फेकणे, टाकणे, ओतणे. जनावर पिलं 'टाकतं', म्हणून एका खेपेची पिलं म्हणजे 'कास्ता'. आपल्याकडे दुसऱ्या वेताची म्हैस म्हणतात, त्यातलं वेत.

गॉथिकमधला हा शब्द कुठल्याही हस्तलिखितात सापडलेला नाही. तो अनुमानाने उभा केलेला आहे. अनेक कोश अजून लॅटिनकडेच झुकलेले आहेत. मला स्वतःला कोरोमिनासची शंका पटते, त्याचं उत्तर तितकंसं पटत नाही. त्याचं उत्तर खरं निघालं तर मात्र प्रोग्रामिंगमध्ये आम्ही दिवसातून दहादा जे 'टाइप कास्ट' करतो, म्हणजे एका प्रकारची किंमत दुसऱ्या प्रकारात ओततो, तो 'कास्ट' आणि हा 'कास्ट' लांबचे भाऊ ठरतील. एकात प्रकार बदलणं हेच काम, आणि दुसऱ्यात प्रकार बदलता न येणं हीच व्याख्या.

खरा मुद्दा वेगळा आहे. समजा लॅटिन व्युत्पत्ती बरोबर आहे. तरी १५५० साली गोव्याच्या धक्क्यावर उभा असलेला पोर्तुगीज शिपाई 'कास्ता' म्हणताना मनात 'शुद्ध' म्हणत होता का? मराठीतलाच दाखला घ्या. आपला 'पगार' पोर्तुगीज 'पागार'वरून आला. तो लॅटिन 'पाकारे'वरून, म्हणजे शांत करणे; आणि त्याच्या मागे 'पाक्स', म्हणजे शांतता. देणेकऱ्याने पैसे दिले की घेणेकरी शांत होतो, असा तो प्रवास. पण महिन्याच्या एक तारखेला खात्यात पगार जमा झाल्याचा मेसेज येतो तेव्हा रोमन शांतीची आठवण कुणाला होते? 'तुरुंग' हा पोर्तुगीज 'त्रोंकू'वरून आला, म्हणजे झाडाचं खोड. कैद्याचे पाय अडकवायचा लाकडी खोडा. तुरुंगात गेलेल्याला झाड दिसत नाही. शब्दाचं मूळ म्हणजे शब्दाचा अर्थ नव्हे. 'कास्ट म्हणजे लॅटिनमध्ये शुद्ध, म्हणून जातिव्यवस्था म्हणजे शुद्धतेची व्यवस्था' असं लिहिणारे, आणि 'कास्ट पोर्तुगीज आहे, म्हणून जात परकी आहे' असं लिहिणारे, दोघंही एकाच खड्ड्यात पडतात. फक्त वेगवेगळ्या बाजूंनी.

पण म्हणून शुद्धता या गोष्टीत नव्हतीच, असंही नाही. ती शब्दाच्या मुळातून आली नाही. ती दुसऱ्या दाराने आली. त्या दाराचं नाव 'लिम्पेझा द सांग', रक्ताची स्वच्छता.

१४४९ साली स्पेनमधल्या तोलेदो शहरात एक फर्मान निघालं. ज्यू धर्मातून ख्रिस्ती झालेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना शहरातली सरकारी पदं मिळणार नाहीत. लक्षात घ्या, हे लोक ख्रिस्ती झालेले होते. बाप्तिस्मा घेतला की माणूस नवा होतो ही चर्चची शिकवण. पण फर्मान म्हणत होतं की पाणी धर्म बदलतं, रक्त बदलत नाही. पोर्तुगालमध्ये १४९७ साली राजा मानुएलने आपल्या राज्यातल्या ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती केलं. वास्को द गामाची गलबतं लिस्बनहून निघाली तेच हे वर्ष. त्या दिवसापासून पोर्तुगालमध्ये दोन प्रकारचे ख्रिस्ती झाले: जुने आणि नवे. 'नवा ख्रिस्ती' हा शिक्का मुलाला, नातवाला, पणतूला चिकटत राहिला. १५०६ साली लिस्बनमध्ये जमावाने अशा नव्या ख्रिस्त्यांची कत्तल केली. पुढे अनेक धार्मिक संघांनी आणि संस्थांनी प्रवेशासाठी वंशावळ तपासायला सुरुवात केली. जेझुइटांनीही १५९३मध्ये नव्या ख्रिस्त्यांच्या वंशजांना दार बंद केलं.

वंशावळीचा दाखला, पूर्वजांची पडताळणी, साक्षीदार. आपल्याकडच्या जात पडताळणी समितीसमोर बसलेल्या कुणालाही हे शब्द ओळखीचे वाटतील. हेतू मात्र नेमका उलटा: आपल्याकडचा दाखला शतकानुशतकं बंद असलेलं दार उघडायला मागतात, तिथला दाखला दार बंद ठेवायला मागायचे.

तर जी माणसं गोव्याला उतरली, त्यांच्या डोक्यात माणसं रक्तावरून वेगळी काढायची यंत्रणा आधीच चालू होती. इथे त्यांना दुसरी एक तशीच, त्यांच्याहून फार जुनी आणि फार बारीक यंत्रणा दिसली. तिला त्यांनी आपल्या घरातला शब्द दिला.

आता गार्सिया द ओर्ता. या लेखातला माझा माणूस हाच.

ओर्ता हा पोर्तुगालच्या कास्तेलो द व्हिद गावचा वैद्य. सालामान्का आणि अल्काला इथे शिकलेला. १५३४ साली तो मार्तिम अफोन्सू द सौझाच्या ताफ्याबरोबर हिंदुस्थानात आला आणि परत गेलाच नाही. गोव्यात त्याची प्रॅक्टिस जोरात होती. अहमदनगरचा (आजच्या अहिल्यानगरचा) बुऱ्हाण निजामशाह त्याच्या रुग्णांपैकी एक, आणि मित्रही. १५५४च्या सुमारास पोर्तुगीज राजाकडून त्याला मुंबई बेट भाडेपट्ट्याने मिळालं. हो, अख्खं मुंबई बेट. तिथल्या त्याच्या बागेत वर्षातून दोनदा फळ धरणारं आंब्याचं झाड होतं, हे तो अभिमानाने सांगतो.

१५६३ साली गोव्यात जुआंव द एंदेम नावाच्या मुद्रकाने त्याचं पुस्तक छापलं. हिंदुस्थानातल्या औषधी आणि वनस्पतींवरच्या संवादांचं हे पुस्तक गोव्यातल्या अगदी सुरुवातीच्या छापील पुस्तकांपैकी एक. ओर्ता आणि रुआनो असे दोन वैद्य त्यात गप्पा मारतात. रुआनो हा कल्पित. तो युरोपातून नुकताच आलेला, ग्रीक ग्रंथ प्रमाण मानणारा. ओर्ता त्याला सांगतो की ग्रंथात काहीही असो, मी हे स्वतः डोळ्यांनी पाहिलंय. हिंग, आलं, भांग, नारळ, आंबा, कॉलरा, सगळ्यावर बोलतात. मधेच ओर्ता विषय सोडून भटकतो आणि ही भटकंतीच पुस्तकातला सगळ्यात रसाळ भाग आहे. कान्हेरी आणि घारापुरीच्या लेण्यांचं वर्णन अशाच एका भटकंतीत येतं.

पुस्तकाच्या शेवटाकडे तो वसई भागातल्या माणसांबद्दल बोलतो. शेती कसणारे कोण, बागा राखणारे माळी कोण, व्यापार करणारे कोण. मग एका समूहाबद्दल सांगतो, की सगळे त्यांचा तिरस्कार करतात, कुणी त्यांना शिवत नाही, घरांची आणि रस्त्यांची घाण काढणं त्यांच्याकडे, आणि गाव त्यांना उरलंसुरलं अन्न देतं. त्याच ओघात तो नोंदवतो की इथे कुणी बापाचा धंदा सोडत नाही. जोडे करणाऱ्यांच्या 'कास्ता'मधले सगळे तेच करतात. आज आपण ज्या अर्थाने 'कास्ट' म्हणतो, जन्म, धंदा आणि स्पर्श यांची ती गाठ, ती या छापील पानावर स्पष्ट दिसते. पान गोव्यात छापलेलं, माणसं वसईची.

ओर्ताने हे कसल्या सुरात लिहिलंय? कोरड्या. ना संताप, ना कौतुक. मिरीचं झाड असं असतं, तशी ही माणसं अशी राहतात.

आणि हे लिहिणारा ओर्ता स्वतः 'नवा ख्रिस्ती' होता. त्याचे आईवडील स्पेनमधून हाकलले गेलेले ज्यू, जे पोर्तुगालमध्ये सक्तीने ख्रिस्ती झाले. ओर्ता गोव्यात मोठा माणूस होता, गव्हर्नरांच्या पंगतीला बसत होता, आणि आयुष्यभर आपलं रक्त लपवत होता. १५६०मध्ये गोव्यात इन्क्विझिशन आलं. १५६८मध्ये ओर्ता बिछान्यात मेला, म्हणजे नशीबवान. दुसऱ्याच वर्षी, १५६९मध्ये, त्याची बहीण कातारिना हिला छुपी ज्यू म्हणून गोव्यात जिवंत जाळलं. नातलगांच्या जबान्यांमधून ओर्ताचंही नाव निघालं. १५८०मध्ये त्याची हाडं कबरीतून उकरून काढली आणि जाळली.

बापाचा धंदा सुटत नाही, असं तो इथल्या जोडेकऱ्यांबद्दल लिहीत होता. बापाचं रक्त सुटत नाही, हे त्याला स्वतःबद्दल माहीत होतं. ते वाक्य लिहिताना त्याच्या मनात काय आलं असेल, हे मी सांगू शकत नाही. त्याने कुठे लिहिलेलं नाही आणि लिहिणं शक्यही नव्हतं. पण 'कास्ता'चा हा ठळक छापील पुरावा अशा माणसाच्या हातचा आहे, ज्याच्या मेलेल्या हाडांनाही कुळाने सोडलं नाही. एवढं माहीत झाल्यावर ते पान पूर्वीसारखं वाचता येत नाही.

ओर्ताचं पुस्तक छापलं गेल्यावर चार वर्षांनी, १५६७मध्ये, गोव्यात चर्चची पहिली प्रांतिक परिषद भरली. तिच्या ठरावांतही 'कास्ता' आहे: इथले हिंदू स्वतःला कमीअधिक मानाच्या 'कास्तां'मध्ये विभागतात, खालच्याबरोबर वरचा खातपीत नाही, आणि ख्रिस्त्यांना ते खालचे समजतात, अशी तक्रार. म्हणजे आपण सगळ्यात वर आहोत असं समजून आलेल्यांना इथल्या शिडीवर आपली पायरी तळाशी आहे हे कळलं, आणि ते झोंबलं.

मग चर्चने ती शिडी मोडली का? नाही. धर्मांतर झालेले ब्राह्मण 'बामण' राहिले, क्षत्रिय म्हणवणारे 'चार्डो' झाले, बाकीचे 'सुदीर'. चर्चच्या उत्सवांचे मान आणि संघ यांतही जात टिकली. आणि पोर्तुगीजांनी स्वतःची एक शिडी तिच्याशेजारी उभी केली. पोर्तुगालमध्ये जन्मलेला तो 'रेनोल'. हिंदुस्थानात जन्मलेला पण दोन्ही बाजूंनी पोर्तुगीज तो 'कास्तिसू', हा शब्द 'कास्ता'वरूनच. मिश्र तो 'मेस्तिसू', लॅटिनमधल्या मिसळण्याच्या धातूवरून. सोळाव्या शतकाच्या शेवटी गोव्यात राहून गेलेला डच प्रवासी लिन्सकोटेन हे भेद नोंदवून ठेवतो. स्पेनच्या अमेरिकेत याच शब्दाने पुढे वेगळंच रूप घेतलं: अठराव्या शतकात मेक्सिकोमध्ये 'कास्ता चित्रं' काढली जायची. बहुधा सोळा चौकटी, प्रत्येकीत आई, बाप आणि मूल, आणि खाली लिहिलेलं की अमुक अधिक तमुक बरोबर काय. माणसांचं पाढ्यांचं पुस्तक.

स्थानिक ख्रिस्त्याला गोव्यात वर चढायचं तर किती वळसा घ्यावा लागे, याचं उदाहरण मातेउस द कास्त्रो. दिवाडी बेटावरचा हा ब्राह्मण ख्रिस्ती. गोव्यात त्याला पाद्री करायला वरिष्ठ तयार नव्हते. तो रोमला गेला, तिथे पाद्री झाला आणि १६३७मध्ये रोमनेच त्याला बिशप केलं. गोव्याच्या अधिकाऱ्यांशी त्याचं भांडण मरेपर्यंत चालू राहिलं. ब्राह्मण असूनही तो तिथे खालचा होता; आणि ब्राह्मण होता म्हणूनच रोमपर्यंत पोहोचू शकला. दोन शिड्यांच्या मध्ये लोंबकळणारा माणूस.

शेवटी लिस्बनमध्ये पोंबालचा काळ आला. १७६१च्या एका फर्मानाने हिंदुस्थानातल्या स्थानिक ख्रिस्त्यांना पोर्तुगालमध्ये जन्मलेल्यांच्या बरोबरीचे मानपान देऊ केले. गोव्यात ते इतक्या उत्साहाने अमलात आलं की १७७४मध्ये लिस्बनला पुन्हा बजावावं लागलं. आणि १७७३मध्ये पोर्तुगालमधलाही जुन्या-नव्या ख्रिस्त्यांचा भेद कायद्याने संपवला. ओर्ताची हाडं जाळून तोवर जवळजवळ दोनशे वर्षं झाली होती.

आता त्या जेवणाच्या टेबलाकडच्या प्रश्नाचं बघू: शब्द नव्हता तर गोष्ट होती का?

पोर्तुगीज इथे यायच्या सुमारे साडेचारशे वर्षं आधी, १०३०च्या आसपास, अल्-बेरुनी हिंदुस्थानावरचं आपलं पुस्तक लिहीत होता. त्याला 'कास्ता' ठाऊक असायचं कारण नव्हतं. तो अरबीत लिहीत होता आणि त्याने थर, वर्ग अशा अर्थाचा शब्द वापरला. हिंदू लोक याला वर्ण म्हणजे रंग म्हणतात, आणि कुळाच्या बाजूने बघताना जन्मावरून नाव देतात, हे त्याने बरोबर टिपलं. चार वर्णांखाली तो अंत्यज सांगतो: धोबी, जोडे करणारे, टोपल्या विणणारे, कोळी, शिकारी, विणकर. गावाबाहेर राहणारे. जोडे करणारे तिथेही आहेत. भाषा वेगळी, शतक वेगळं, धर्म वेगळा, आणि निरीक्षण ओर्ताच्या निरीक्षणाला जाऊन भिडतं.

एवढंही नको असेल तर पंढरपूरला जा. चोखामेळ्याची समाधी देवळाच्या आत नाही, नामदेवाच्या पायरीशी आहे. परंपरेने त्याच्या मृत्यूचं साल १३३८ सांगितलं जातं, मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून. लिस्बनची गलबतं आफ्रिकेला वळसा घालायला अजून दीडशे वर्षं होती. पायरीच्या बाहेर त्याला कुणी पोर्तुगीजाने उभं केलं नव्हतं.

याचा अर्थ शब्दाने काहीच केलं नाही असाही नाही. इंग्रज सुरतेला आले तेव्हा किनाऱ्यावर व्यापाराची बोली पोर्तुगीजच होती. तिच्यातून त्यांनी शब्द उचलला आणि 'कास्ट' असा, शेवटी 'ई' न लावता, लिहू लागले. साच्यात ओतणे या अर्थाचा त्यांच्याकडे आधीच असलेला शब्दही तसाच लिहिला जाई, त्यामुळे दोन्ही एकच वाटायचे. शेवटची 'ई' फ्रेंचच्या प्रभावाने जोडली गेली ती साधारण अठराव्या शतकाच्या अखेरीस. आणि मग जनगणना आली. १९०१च्या जनगणनेचा आयुक्त हर्बर्ट रिस्ले याने जातींना सामाजिक मानाच्या क्रमाने लावायचा घाट घातला. नाकाच्या मापावरून वंश ठरवण्याचाही त्याला नाद होता. आमचा क्रमांक वर घ्या म्हणून जातीजातींचे अर्ज येऊ लागले. गावागावात बदलणारी, वादात असलेली एक गोष्ट एका कॉलममध्ये बसवली की काय होतं, हे डेटाबेस बनवणाऱ्याला वेगळं सांगायला नको. कॉलम आधी वास्तवाची नोंद करतो, आणि मग वास्तव कॉलमला धरून वागू लागतं. इथे इंग्रजांची जबाबदारी आहे, आणि मोठी आहे. पण रिकाम्या तक्त्यातून त्यांनी काही निर्माण केलं नाही. माहिती इथलीच होती.

शब्द परका असण्याचा एक फायदाही झाला. तो प्रवास करू शकला. अमेरिकेत चार्ल्स सम्नरने १८४९मध्ये बोस्टनच्या वेगळ्या काळ्या शाळांविरुद्ध खटला लढवताना हिंदुस्थानचा दाखला देत 'कास्ट' हाच शब्द वापरला. १९१६च्या मे महिन्यात न्यू यॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पंचविशीतल्या आंबेडकरांनी मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात निबंध वाचला, तो याच शब्दाला धरून. शुद्धतेच्या कल्पनेवर त्यांनी जातीची व्याख्या उभारली नाही. जातीबाहेर लग्न न करणं हे मूळ, आणि जात म्हणजे आतून दार लावून घेतलेला वर्ग, असं त्यांचं म्हणणं. व्युत्पत्तीच्या मागे न लागता त्यांनी यंत्रणा उघडून दाखवली. (माझ्या मते कुठल्याही इंजिनिअरने वाचावा असा तो निबंध आहे.)

२०२३च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरने जातिभेदबंदीचं विधेयक सही न करता परत पाठवलं. कारण दिलं ते असं, की वंशावळीवरून भेदभाव करायला आधीच बंदी आहे, त्यात हे येतंच. निर्णयाबद्दल माझं मत चांगलं नाही. पण 'कास्ता'चा अर्थ कूळ, वंशावळ असाच होता. तेव्हा कोश म्हणून ते पत्र चुकलेलं नाही.

उरली मराठी. आपण पोर्तुगीजांकडून चावी घेतली, पाव घेतला, साबण, बटाटा, पाद्री, पगार, तुरुंग घेतला. नाताळही घेतला, तो लॅटिनमधल्या 'जन्मलेला' या शब्दावरून आला, आणि तो शब्द व आपला 'जात' एकाच आदिम मुळाचे. पण 'कास्ता' घेतला नाही. गरजच नव्हती, घरात शब्द होता. तो आला चारशे वर्षांनी, लंडनला वळसा घालून, आणि इंग्रजी वेषात. सेतू केंद्राच्या रांगेत कागदावर 'जात प्रमाणपत्र' असं छापलेलं असतं आणि रांगेतला माणूस 'कास्ट सर्टिफिकेट' म्हणतो. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या वेळी आम्ही सगळे 'कास्ट व्हॅलिडिटी आली का?' असंच एकमेकांना विचारायचो. घर भाड्याने घेताना 'तुमची जात कुठली?' असं तोंडावर विचारायला संकोचणारे मालक 'तुमची कास्ट काय म्हणायची?' असं विचारतात, जरा आवाज खाली करून.